सहकुटुंब योगवर्गाबद्दल सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारपासून सकाळचा वर्ग सहकुटुंब आहे. मुलांना, आजी-आजोबांना जरूर घेऊन या. पोट रिकामं हवं. पूर्ण जेवणानंतर 3 ते 4 तास गेलेले असावेत. चटई प्रत्येकाची वेगळी.

एक कळकळीची विनंती: घरच्यांमध्ये तुलना नको. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, मुलं सहज कपाळ गुडघ्याला लावतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्या मागून लगेच ताणतात. अशा वेळी गुडघे थोडे वाकवा, पाठ लांब ठेवा, हात पोटऱ्यांपर्यंत पोचले तरी पुरे. झटके देऊन खाली जाऊ नका, आणि मुलांनाही पाठीवर दाब देऊ देऊ नका. ज्येष्ठांनी वृक्षासन (एका पायावर उभं राहण्याचं आसन) भिंतीला हात टेकवूनच करावं.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. श्वास रोखणं, कपालभाती आणि शीर्षासन त्यांनी टाळायचं आहे. लहान मुलांनीही श्वास रोखायचा नाही.

शवासन अर्धवट सोडून कृपया उठू नका. मागच्या वर्गात एक चिमुरडी आईच्या पोटावर तळवा ठेवून तो वर-खाली होताना मोजत होती, आणि मोजता मोजता तिचाही श्वास संथ झाला. हे घरी रात्री 5 मिनिटं करून बघा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

घरातून किती जण येणार, ते शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा.