हॅकिंग शिकायचंय तर आधी हे वाच

बेटा,

परवा फोनवर तू हॅकिंगच्या कोर्सचं म्हणत होतास. फी भरायला माझी ना नाही, पण त्याआधी दोन-तीन पुस्तकं वाच, असं मला फार मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी क्लिफर्ड स्टोलचं 'द ककूज एग', 1989 चं. हा माणूस मुळात खगोलशास्त्रज्ञ, अमेरिकेत बर्कलेच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायला लागला आणि 1986 मध्ये त्याला कॉम्प्युटर वापराच्या हिशोबात 75 सेंटचा फरक दिसला. फक्त 75 सेंट! मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलं, एवढ्याशा फरकाला लोक राउंड ऑफ करतात अन् चहा प्यायला जातात. त्यानं नाही सोडलं, खणत गेला तर कोणीतरी बाहेरून कॉम्प्युटरमध्ये घुसतंय असं दिसलं. एका वीकेंडला त्यानं ऑफिसातल्या लोकांच्या टेबलांवरचे टर्मिनल, प्रिंटर उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या फोन लाइनींना जोडले आणि तिथंच टेबलाखाली झोपला, म्हणजे घुसणारा जे टाइप करील ते कागदावर उतरत राहील. पुढं फोन कुठून येतोय ते शोधायला वेळ मिळावा म्हणून खोट्या सरकारी फायली बनवून ठेवल्या, तो गडी त्या वाचत बसला आणि सापडला, थेट जर्मनीत हॅनोव्हरला! तो अन् त्याचे साथीदार माहिती केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला, विकत होते. हा चिवटपणा फी भरून मिळत नाही बाप्पा.

मग स्टीव्हन लेव्हीचं 'हॅकर्स', 1984 चं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मॉडेल रेल्वे क्लबमधली पोरं रात्र-रात्र कॉम्प्युटरवर बसायची, प्रोग्राम अजून दोन ओळींनी छोटा कसा होईल यावर डोकं लावायची. पहिला भाग नीट वाच, शेवटचा गेम कंपन्यांचा आहे, तो भरभर वाचला तरी चालेल.

केविन मिटनिक या हॅकरचं 'घोस्ट इन द वायर्स' शेवटी, स्वतःचीच गोष्ट सांगितलीय त्यानं. खूप रंगतं ते, पण तो फोनवर गोड बोलून लोकांकडून माहिती काढायचा आणि मला सारखा फोनच्या पलीकडचा माणूसच दिसत होता. आत्यानं असाच कोणालातरी ओटीपी सांगून टाकला होता ना, तिचा त्या दिवशीचा चेहरा मी पाहिलाय. अन् आयटी कायद्याच्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून परवानगीशिवाय कोणाच्याच सिस्टिमला हात लावायचा नाही, कॉलेजच्या वायफायलाही नाही.

'ककूज एग' मला बर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालं, शनिवारी पार्सल करतो. ब्रूस स्टर्लिंगचं 'हॅकर क्रॅकडाउन' विकत घेऊ नको, त्यानं स्वतःच नेटवर फुकट ठेवलंय. कोर्सची फी किती अन् शेवटची तारीख कोणती ते मेसेज कर.

बाबा