अक्षता टाकून लगेच परत यायचं नाही

बाणेर, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाणेरहून नारायण पेठेत पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि आई तू लगेच जेवणाखाणाचं विचारायला लागतेस. शिवाय लिहिलेलं असलं की दोनदा वाचता येतं, मावशीला आणि काकूला वाचून दाखवता येतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

नातवाच्या लग्नाला कोचीला जायचं, अक्षता टाकायच्या, सदरा वाळायच्या आत परतीची गाडी धरायची, असं तुमचं दोघांचं ठरलंय हे मला दादाकडून कळलं. कारणंही कळली. आईचे गुडघे, बाबांचं पथ्य आणि ‘व्याह्यांना आपला त्रास नको’. त्रासाचं म्हणाल तर व्याह्यांनी स्वतःहून सांगितलंय की आजी-आजोबांनी लग्नाआधी दोन दिवस यावं आणि नंतर दोन दिवस राहावं. खोली तळमजल्यावरची मागून घेतली आहे, कमोड आहे, न्हाणीघरात धरायला दांडी आहे. मी नुकतीच हॉल बघायला जाऊन आले तेव्हा हॉलइतकाच वेळ मी बाकीचं बघण्यात घालवला. कुठे किती पायऱ्या, कुठे बाक आहे, कुठे सावली आहे, हे सगळं तुम्हा दोघांना डोळ्यांपुढे ठेवून पाहिलंय.

लग्न तिकडच्या पद्धतीचं, म्हणजे फार आटोपशीर. नादस्वरम वाजायला लागतं, ताली म्हणजे त्यांचं मंगळसूत्र बांधतात, वधूला पुडवा म्हणजे साडी देतात, हार घालतात आणि लोक पानावर बसतात. आपली मंगलाष्टकं आणि अंतरपाट त्यांनी आनंदाने मान्य केलाय, तेवढी जास्तीची पंधरा मिनिटं. म्हणजे सकाळी अकरापर्यंत सगळं उरकेल. एवढ्यासाठी पुण्याहून इतक्या लांब यायचं आणि तोंड फिरवायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडचे साठ-पासष्ट वऱ्हाडी येणार, त्यांना चार दिवस काय दाखवायचं हे माझ्याकडे सोपवलंय. पण त्या यादीत मी आधी तुमचं लिहिलंय.

काकांनी मुन्नारचा घाट घातलाय. मी नाही म्हटलंय. चार-पाच तासांचा वळणांचा रस्ता, तेवढाच परत, आणि लग्नघरातली माणसं उलट्या करत परतणार. तरुण मंडळींना जायचं असेल तर लग्नानंतर त्यांचे ते जातील. हाऊसबोटीला आलप्पुळाला जाणं निदान एका दिवसात होतं, पण तेही तुमच्यासाठी नको. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, कोचीतले हे दोन जुने भाग, एवढंच नीट बघायचं. दोन्ही एकमेकांना लागून आहेत, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. फेब्रुवारीत तिकडे उकाडा असतो, घाम फार येतो, त्यामुळे सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर, एवढंच बाहेर पडायचं. दुपारी पंखा लावून झोपायचं. आई, तुझी दुपारची झोप अजिबात मोडणार नाही.

पहिल्या सकाळी समुद्राकाठी चिनी जाळी बघायची. फोटोत सगळ्यांनीच पाहिली आहेत, पण जवळ उभं राहिल्याशिवाय ती चालतात कशी ते कळत नाही. लाकडाच्या मोठाल्या ओंडक्यांचा एक सांगाडा काठावर रोवलेला असतो, पुढच्या टोकाला जाळं आणि मागच्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. एक माणूस ओंडक्यावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. थोड्या वेळाने चार-पाच जण दोर ओढायला लागतात. दगडांचे दोर कमी-जास्त लांबीचे असतात, त्यामुळे जाळं वर येईल तसतसा एकेक दगड फळीवर टेकत जातो आणि समतोल राहतो. बाबा, तुम्ही शाळेत तरफेचा धडा शिकवताना फळ्यावर जी आकृती काढायचात, ती इथे रोज पहाटेपासून मासे पकडतेय. मी तिथे बराच वेळ उभी होते. काठाला सिमेंटचे कट्टे आहेत, आईला बसून बघता येईल.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च अगदी जवळ. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये आधी लाकडी बांधलं, मग दगडी. वास्को द गामा 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. पुढे 1539 मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेले, पण कबरीवरचा दगड अजून आहे, भोवती कठडा केलाय. छताला कापडाचे लांब पंखे टांगलेत, त्यांचे दोर भिंतीबाहेर काढलेले, बाहेर बसून माणसं ते ओढायची. आत बाकं आहेत आणि गारवा आहे. अर्धा तास बसायचं आणि नाश्त्याला परत.

बाबा, आता तुमच्यासाठी. पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. 12 जुलै 1961, तुम्ही शाळकरी, आजोबांनी तुम्हा भावंडांना पर्वतीकडे पळवलं आणि परत आलात तेव्हा माजघरात गुडघाभर गाळ. कोचीचं बंदर हे पुराचंच देणं आहे. 1341 मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, त्याने मुझिरिस हे जुनं नामांकित बंदर गाळाने भरत गेलं आणि कोचीपाशी समुद्राला तोंड मोकळं झालं, असं मानतात. मग तिथे मिरीसाठी अरब आले, चिनी आले, पोर्तुगीज, डच, शेवटी इंग्रज. वॉटर मेट्रोच्या बोटीतून खाडी ओलांडताना हे सगळं डोळ्यांपुढे येतं. ही बोट विजेवर चालते, आवाज जवळजवळ नाही, वातानुकूलित आहे. एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. मुख्य म्हणजे धक्का तरंगता आहे, भरती असो की ओहोटी, बोट आणि धक्का एका पातळीत राहतात, त्यामुळे पाय उचलून चढावं लागत नाही. आई, हे मी तुझ्यासाठी मुद्दाम दोन धक्क्यांवर बघून आले. हायकोर्टाच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला साधारण वीस मिनिटं. संध्याकाळी जाऊन येऊ, दुसरं काही करायचं नाही.

मट्टनचेरीला एक अख्खी सकाळ ठेवली आहे. शुक्रवारी तिथला राजवाडा बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, त्यामुळे ते दोन्ही वार सोडून. राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, 1555 च्या सुमारास, कोचीच्या राजाला भेट म्हणून. डचांनी 1663 मध्ये डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. एक जिना चढावा लागेल, सावकाश चढू. वर राजाच्या शेजघरात भिंतभर रामायण आहे. दशरथाच्या यज्ञापासून सुरू होतं आणि सीतेला घेऊन अयोध्येला परततात तिथपर्यंत. आई, तू दरवर्षी रामनवमीला वाचतेस, तुला कुणी माहिती सांगायची गरज नाही, तूच आम्हाला सांगशील. रंग गेरू आणि हिरव्याकडे झुकणारे, माणसं एकमेकांना खेटून, रिकामी जागा कुठेच सोडलेली नाही.

सिनेगॉग तिथून पाच मिनिटांवर, 1568 चं. आपल्या कॅम्पातलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, 1867 चं, म्हणजे हे त्याहून तीनशे वर्षांनी जुनं. आत चपला काढून जायचं. जमिनीला चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. तुझी रास्ता पेठेतली मैत्रीण तिच्या घरच्यांबरोबर इस्राएलला गेली तेव्हा तू किती दिवस जेवली नव्हतीस, हे तू आम्हाला सांगायचीस. कोचीचेही बहुतेक ज्यू 1950 नंतर तसेच गेले. त्या गल्लीत आता मसाल्यांचा आणि जुन्या वस्तूंचा बाजार आहे. तिथे वास घ्या, भाव विचारा, पण मिरी, वेलची, जायपत्री घ्यायची ती बाजार रोडवरच्या घाऊक दुकानांतून. माझी पिशवी तयार आहे, तुझी यादी दे.

आणि जे मला तुम्हाला सगळ्यात जास्त दाखवायचंय ते चेरलाईचं तिरुमल देवस्वम. गौड सारस्वतांचं देऊळ. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून ही माणसं सोळाव्या शतकात दक्षिणेला उतरली आणि इथे राहिली, ती आजतागायत. घरात अजून कोंकणी. देवळाबाहेरच्या एका आजींशी मी आपल्या मराठीत बोलले, त्या त्यांच्या कोंकणीत, आणि आमचं छान जमलं. आई, तू तर सावंतवाडीची. तू गेलीस की त्या तुला घरी घेऊन जातील, मला खात्री आहे.

बाबा, याच लोकांमधल्या तिघांची नावं तुम्ही लिहून ठेवा. रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. डचांचा मलबारचा मुख्य अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने इथल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला. झाडांची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि या तिघांनी. माहिती आपणच दिली आणि ती खरी आहे, अशी साक्ष या तिघांनी 1675 मध्ये कोंकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिली आणि 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला खंड निघाला त्यात ती तशीच्या तशी छापली. तुम्ही आयुष्यभर पोरांना झाडं ओळखायला शिकवलंत, सिंहगडावर नेऊन पानं गोळा करायला लावलीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्यासारखंच बोलणारी माणसं हेच करत होती आणि त्यांनी खाली सही केली, हे वाचल्यावर मला तुमचीच आठवण झाली. त्या देवळाच्या आवारात तुम्हाला उभं केल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. तिकडच्या बऱ्याच देवळांत पुरुषांना सदरा-बनियन काढून मुंडू नेसूनच आत सोडतात, तेव्हा तुमचं धोतर आणि उपरणं बॅगेत वरच ठेवा.

आईला आणखी एक. वेली भागात धोबीखाना आहे, तमिळ धोबी पिढ्यान्‌पिढ्या तिथे कपडे धुतात. वाळत घालायला चिमटे नाहीतच. दोन दोर एकमेकांत पिळून ताणलेले असतात, त्या पिळात कपड्याचं टोक खोचलं की वाऱ्याने हलत नाही. तांदळाची खळ देतात, तू सुती साड्यांना देतेस तशीच. मंडपात नेसायची तुझी साडी मी तिथेच इस्त्रीला देणार आहे.

एका संध्याकाळी कथकली. नाच बघण्याआधी तासभर लवकर जायचं, रंगकाम बघू देतात. नट उताणा पडून राहतो आणि दुसरा कारागीर त्याच्या गालाला तांदळाच्या पिठाची कड चढवतो. डोळे लाल करायला वांग्याच्या कुळातलं एक बारीक बीज पापणीखाली ठेवतात. बाबा ते बीज मागून बघणार हे मी धरून चालले आहे. मुख्य खेळ अर्धा बघून निघालो तरी चालेल.

खाण्याची काळजी सोडा. काकूला मासळीचा वास चालत नाही, तर मट्टनचेरीत गुजराती लोकांची जुनी वस्ती आहे, तिथे साधं जेवण मिळतं. बाबांच्या साखरेसाठी इडली, पुट्टू टाळून आप्पम-इश्टूही बेतानेच, आणि लग्नाच्या पानावर पायसम एक चमचा, तेही मी शेजारी बसणार म्हणून. खोबरेल तेलाची सवय आईला तिसऱ्या दिवशी होईल.

आता तुमच्याकडून हवं ते. जाताना विमानाने जायचं, मी आणि दादा दोघं बरोबर आहोत. विमानतळ नेडुंबाश्शेरीला, तिथून फोर्ट कोची लांब पडतं, मोटार सांगून ठेवली आहे. येताना मात्र बाबांची इच्छा म्हणून पूर्णा एक्सप्रेस, कोकण रेल्वेने, सगळं वऱ्हाड एकत्र. ती आठवड्यातून एकदाच असते आणि आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून तारीख गाठायलाच हवी. दोघांना खालचे बर्थ मागायचे आहेत, त्याला आधार कार्डावरची जन्मतारीख लागेल. बाबांच्या कार्डावर साल चुकीचं पडलंय ते या आठवड्यात दुरुस्त करायला दादा घेऊन जाईल. आईच्या गुडघ्याचा पट्टा जुना झालाय, नवा आणते, माप वहीत लिहून ठेव. रविवारी जेवायला येतेय, तेव्हा मला ‘बघू’ नको, हो पाहिजे.

तुमची लेक