तुझी थिंबल सापडली

सांगली,
१८ मार्च

प्रिय बाळू,

येत्या अक्षय तृतीयेला तुझ्या वास्तुशांतीला वर्ष होईल. मी आलो नाही, का आलो नाही ते कळवलंही नाही. परवा दुपारी ट्रकखाली पोतं टाकून आडवा पडलो होतो, तेव्हा एक वस्तू हातात आली आणि ठरवलं, आता लिहायचंच. फोनवर हे जमणार नाही. फोनवर तू मधेच बोलतोस.

घरी सगळे बरे. माझी शुगर गोळीवर आहे, आईचे गुडघे आहेत तसेच. तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता चौकातून जाणारा प्रत्येक माणूस ओळखतात आणि प्रत्येकाला थांबवतात.

आता गाडीचं. वर्षभर तिनं मला रडवलं. रोज नाही, हेच तर दुखणं. आठ-आठ दिवस पहिल्या चावीला सुरू व्हायची, आणि एखाद्या दिवशी चावी फिरवली की नुसतं ‘टक’. पुढं काही नाही. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण इंजिनला पहिली फिरकी देणारी मोटर, आपला सेल्फ, ढिम्म. पाच मिनिटांनी तीच चावी फिरवली की अर्ध्या फेऱ्यात धडधडायला लागायची.

तू लगेच म्हणशील, डिझेलच्या नळीत हवा धरत असेल. मलाही चौघांनी तेच सांगितलं. पण हवा धरली तर इंजिन फिरतं, फक्त पेट घेत नाही. हँडपंप मारून एअर काढली की मिटलं. इथं इंजिन फिरतच नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तूच मला शिकवलंयस, आणि तरी एका रविवारी मी दोन्ही डिझेल फिल्टर बदलून बसलो. माणूस घाबरला की हाताला येईल ते बदलतो.

आधी बॅटऱ्या नव्या घातल्या. दोन्ही, कारण सिरीजमध्ये एक नवी एक जुनी चालत नाही. दीड महिना एकदाही अडली नाही. मी म्हटलं, गेला रोग. मग परत ‘टक’. सेल्फ उतरवला, कार्बन नवे, बुश नवे, सेल्फला करंट जोडणाऱ्या सोलनॉईडच्या आतले काँटॅक्ट घासून घेतले. वीस दिवस छान. परत ‘टक’. स्टार्टर स्विच बदलला. तेरा दिवस. बाळू, कायमची बंद पडणारी गाडी परवडली रे. मधूनच अडणाऱ्या गाडीला काहीही केलं तरी ती दुसऱ्या दिवशी सुरू होते, मग वाटतं आपणच शहाणे. प्रत्येक मिस्त्री पैसे घेताना खरंच बोलत होता, त्याच्यासमोर गाडी सुरूच झाली होती.

आता वास्तुशांतीचं. आदल्या रात्री मी तुझा झोपाळा गाडीत चढवला होता. सागवानी, पितळी कड्यांचा, तुझ्या आईला हवा होता तसा. पोत्यांत गुंडाळून, दोरीनं आवळून. पहाटे चारला चावी फिरवली, ‘टक’. साडेसहापर्यंत मी खाली-वर करत होतो. डिझेल पंप मेकॅनिकल, करंट लागत नाही, धक्क्यावर दुसऱ्या गिअरला सुरू होते हे खरं, पण सहाचाकी ढकलायला पहाटे माणसं कुठली? आणि आपल्या सांगलीत उतार कुठून आणायचा? सगळं ताटासारखं सपाट. (तेव्हापासून मी गाडी रेल्वे पुलाच्या चढावर लावायला लागलो, तोंड खाली करून. रात्री उठून बघायला जायचो.) एसटीनं येता आलं असतं, हे तू म्हणशील, आणि बरोबर म्हणशील. सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. पण रिकाम्या हातानं यायचं, आणि तू विचारणार ‘गाडी कुठाय?’, आणि मी सांगणार चालू होत नाही. ज्या गाडीवरून मी तुला म्हटलं होतं की तुझ्याशिवायही व्यवस्थित चालवून दाखवतो, तिच्याबद्दल. नाही आलो. संध्याकाळी फोन हातात घेऊन बसलो आणि तोही केला नाही. तुला वाटलं असणार मी अजून भाड्याच्या हिशेबाचा राग धरून बसलोय. तसं नव्हतं. त्या हिशेबात चूक माझी होती, तेव्हाच कळलं होतं.

फेब्रुवारीत मार्केट यार्डात हळद भरली. भर दुपार, मागं चार गाड्या रांगेत, हमाल खोळंबलेले, आणि ‘टक’. मी दहा-बारा वेळा चावी मारली. मग वैतागून डॅशखालच्या, इंजिन बंद करायला ओढतो त्या केबलला हात घातला, काय करणार होतो मलाच माहीत नाही. हात भाजला. चहाच्या पातेल्याला लागावा तसा. केबलच्या प्लॅस्टिकला करपल्याचा वास येत होता. त्या केबलचा आणि सेल्फचा संबंध काय? वायरमनला सांगितलं तर तो म्हणाला, इंजिनच्या गरमीनं तापली असेल. इंजिन तर सकाळपासून बंद होतं.

रात्री जेवताना हे बोललो तर आपला पोरगा ताटावरून उठला. (डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, तुझ्याबद्दल विचारत असतो.) म्हणाला, बाबा, सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ते प्लसनं जातात तसे मायनसनं परत यायला लागतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलंय, चासीशी, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी, त्याचा संबंध एका अर्थ वायरचा. ती कच्ची असेल तर करंट दुसरी वाट शोधतो, आणि डॅशपासून इंजिनवरच्या डिझेल पंपापर्यंत लोखंडाची वाट एकच, ती केबल. दिवे लख्ख का, तर दिव्यांची अर्थ वायर चासीला आहे, त्यांना इंजिनशी देणंघेणं नाही.

मी म्हटलं, मग आत्ताच बघू. लावला मीटर, आणि गाडी पहिल्या चावीला सुरू! अर्थ ठणठणीत. तिथं पोरानं जे केलं ते तुला आवडेल. त्यानं दोन लांब वायरी ओढल्या, एक बॅटरीच्या मायनसवरून, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवरून, आणि मीटर केबिनमध्ये माझ्या डोळ्यांसमोर बांधला. मला सांगितलं, रोज सेल्फ मारताना आकडा बघायचा आणि खडूनं डॅशवर लिहायचा. अर्ध्या व्होल्टाच्या आत असेल तर ठीक. आणि गाडी अडली की कशालाही हात लावायचा नाही. टर्मिनल हलवायचं नाही, सेल्फला पाना मारायचा नाही, काही नाही. हलवलं की ती सुरू होणार आणि चोर पळणार. वर्षभर मी प्रत्येक वेळी नेमकं तेच केलं होतं, चोराला स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं होतं.

कित्येक दिवस ती एकदाही अडली नाही. पण डॅशवर आकडे चढत होते. ०.३, ०.४, ०.४, ०.७. मग कवठेमहांकाळहून परत आलो तेव्हा १.८, आणि तरी सुरू झाली. परवा सकाळी ‘टक’, आणि मीटरवर १४. चोवीस व्होल्टातले चौदा परतीच्या वाटेवरच अडकलेले. मी चावी सोडली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पोराला फोन केला. तो कॉलेज सोडून आला. त्यानं मग तुकडे पाडून मोजलं. बॅटरी ते चासी, ०.१. चासी ते गिअरबॉक्स, १३ च्या वर. तिथंच.

मी खाली शिरलो. वायर वरून चांगली होती, काळ्या रंगाखाली तिच्या टोकाची, बोल्टात अडकवायची थिंबलही दिसत नव्हती. सतराचा पाना लावला, बोल्ट काढला, रंग खरवडला. आत लाल टेप. बाळू, आपली लाल टेप.

खंबाटकीच्या पायथ्याची रात्र आठवतेय ना? अर्थ वायर तुटून लोंबकळत होती, आणि तू त्या पंक्चरवाल्याकडून वेल्डिंगच्या केबलचा तुकडा मागून आणलास. थिंबल नव्हती म्हणून फ्रीजची तांब्याची नळी हातोडीनं चपटी केलीस, पंचानं भोक पाडलंस, मी टॉर्च धरून उभा. मी म्हणत होतो सकाळी साताऱ्यात डाग मारून घेऊ, तू म्हणालास हे दोन दिवस निघतील. २००९ साल. दोन दिवसांचं काम ती सोळा वर्षं करत होती, आणि आपण दोघंही विसरलो होतो.

टेप कापली तर आतून हिरवी पूड सांडली, माझ्या तोंडावर. शेकडो बारीक तारांपैकी दहा-बारा तेवढ्या लाल होत्या, बाकी सगळ्या हिरव्या, बोटानं चुरगळणाऱ्या. तेवढ्या दहा-बारांवर कधी लागायचं, कधी नाही. गचका बसून वायर हलली की परत टेकायची.

ही पूड २०१९ च्या महापुराची आहे, माझी खात्री आहे. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गाडी चार दिवस आरशांपर्यंत बुडालेली. तू साताऱ्याहून फोनवर ओरडत होतास, आधी गाडी मिरजेकडं काढ, आणि मी व्यापाऱ्याची पोती काढत होतो. त्यावरून तू मला जे बोललास ते मी विसरलेलो नाही, पण पाणी उतरल्यावर तूच आलास आणि तीन दिवस राहिलास हेही नाही. सेल्फला हात लावू दिला नाहीस. इंजिन, गिअर, डिफ्रन्शिअल, सगळ्याचं तेल खाली सोडलंस, दुधासारखं पांढरं निघालं. पाणी शिरू शकेल ते सगळं आपण उघडलं. तुझी टेप तेवढी उघडली नाही, कारण ती तू गुंडाळली होतीस आणि दोघांनाही तिची शंका आली नाही. टेपनं पाणी आत घेतलं आणि बाहेर सोडलं नाही.

नवी वायर घातली, पन्नास चौरस मिलिमीटरची, दाबून बसवलेल्या थिंबलची. चासीचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, वरून व्हॅसलिन चोपडलं. आता सेल्फ मारताना ०.२. पोरगा म्हणतो गाडी अजून दहा वर्षं जाईल. गेल्या महिन्यात तोच म्हणत होता भंगारात घाला. जूनमध्ये पासिंग आहे, मी करून घेणार.

जुनी थिंबल टाकवली नाही. धुऊन केबिनमध्ये गणपतीशेजारी ठेवली आहे. हातोडीचे घाव अजून दिसतात, एक वाकडा बसलाय, त्यावरून तू त्या रात्री मला शिवी दिली होतीस, टॉर्च नीट धरला नाही म्हणून.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीची दहावी ना यंदा, पेपर कसे गेले? कराडच्या त्या जागेचं मिटलं का? सगळं सविस्तर कळव, मी नुसता गाडीबद्दलच बोलत बसलो.

झोपाळा गोदामात आहे, अजून त्याच पोत्यांत. पुढच्या रविवारी पहाटे चारला निघतो, पेठ नाक्यावर चहा, आठच्या आत तुझ्या दारात. स्लॅबला हुक सोडलेत का, आणि दोन हुकांत अंतर किती ठेवलंय, तेवढं टेपनं मोजून लगेच कळव. कड्या साडेचार फुटांवर आहेत.

तुझा,
नाना