सरांचा स्कोप आणि तुझी ट्यूब

सोलापूर, डिसेंबर

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझा फोन घाईत ठेवला आणि त्यानंतर मी गप्पच. शिव्या नंतर घाल, आधी ऐक. तब्येती ठीक, आईचा गुडघा आहे तसाच.

सरांच्या स्कोपचा, त्या जुन्या टेकट्रॉनिक्स ४६५ ऑसिलोस्कोपचा, ट्रेस म्हणजे पडद्यावरची सिग्नलची रेघ दिसेनाशी झालीये. इंटेन्सिटी पूर्ण फिरवली की कशीबशी रेघ उमटते, तीही फुगलेली. फोकस काही केल्या बसत नाही. परवा डोक्यावरून चादर घेऊन साइन वेव्ह बघत होतो, तर बायको म्हणाली, "वाफ घेताय का?" पाहुण्यांना कौतुकाने द्यायची चादर, तिचं हे झालंय.

सप्लाय सगळे तपासले. व्होल्टेज जागच्या जागी, रिपल नाही, ट्यूबचं हाय व्होल्टेजही बरोबर. म्हणजे पडद्याची ट्यूबच. तिच्यातला इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड थकलाय. तू म्हणशील, हीटरला थोडं जास्त व्होल्टेज दे, उजळेल. उजळेलही, चार दिवस. मग कॅथोडवरचा थरच झडला तर? टीव्हीच्या ट्यूबवर हा उद्योग करताना सरांनी तुला दुकानाबाहेर काढलं होतं, आणि तू नवी पेठभर "म्हातारा भित्रा आहे" सांगत फिरलास.

सगळे कॅपॅसिटर बदल, हेही म्हणणारच तू. अरे, मोजून खराब निघेल तोच काढायचा. सरसकट उपटले की जुना दोष राहतो बाजूला आणि आपल्या हातचे चार नवे घुसतात. यावर आपण पार्क चौकात रात्री किती भांडलोय! मी अजून तिथेच आहे.

आता खरं सांगतो. काल माळ्यावरून तुझा स्कोप उतरवला. जास्त करंट ओढला तर सांभाळायला सिरीज बल्ब लावून चालू केला. बल्ब एकदा भपकन पेटला आणि मंदावला. मिनिटभरात ट्रेस आला. बंड्या, काय ट्रेस! बारीक, लख्ख, दिवसाढवळ्या. स्कोपमधल्याच तपासणीच्या सिग्नलला, कॅलिब्रेटरला, प्रोब लावला, ३०० मिलिव्होल्टचा चौकोन एक नंबर. चॅनल २ मात्र मेलेलं. ते कसं मेलं ते तुला ठाऊक आहे. अर्थिंगची पिन मोडून पॉवरलूमच्या पॅनेलवर मोजायला मी गेलो नव्हतो.

त्या चॅनलची चिप टेकट्रॉनिक्सने स्वतःसाठीच बनवलेली, ती दुकानात मागून मिळत नाही. सरांच्या स्कोपमध्ये ती धडधाकट आहे. म्हणजे दोन ४६५ मिळून एकच पुरा होतो. सरांच्या डब्यात तुझी ट्यूब, की तुझ्या डब्यात सरांची चिप?

चिपचं काम सोपं. ट्यूबचं जिवावरचं. अ‍ॅनोड (त्यात व्होल्टेज साठून राहतं) रिकामा करून घ्यायचा, मानेवरच्या पिना न वाकवता क्लिपा काढायच्या, काच कुठे टेकली तर संपलं. आणि एवढं करूनही, प्रत्येक ट्यूबची संवेदनशीलता थोडी वेगळी, म्हणजे व्हर्टिकल गेन आणि टायमिंग दोन्ही पुन्हा लावायचं. अक्कल सांगते, चिप काढ. पण मग सरांच्या हाताने झिजलेली ती टाइम-बेसची खुंटी, बाजूला त्यांनी रंगाने घातलेला नंबर, ते सगळं भंगारात? १९७२ सालचं मॉडेल, नवा डिजिटल याच्यापेक्षा दहा गोष्टी जास्त करतो, मला कळतं. माझ्याकडे तोही आहे. त्यावर मोबाइलचे चार्जर तपासतो.

त्यात काकू गड्ड्याच्या यात्रेला येताहेत, नातवाला घेऊन. पोरगा पॉलिटेक्निकला आहे, "आजोबांचं मशीन चालू करून दाखवा" म्हणालाय. त्याला चादरीत घेऊ का?

माझं मन ट्यूबकडे आहे. पण ट्यूब तुझी आहे. काढली की तुझा स्कोप आंधळा, आणि तू पहिल्या पगारात घेतलेला. तेव्हा सरळ सांग. फोनवर नको, लिहून. फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस.

धाकटीची दहावी ना यंदा? वहिनींची बदली झाली का? शेंगा चटणी पाठवतोय, मागच्यासारखी ऑफिसात वाटून टाकू नकोस.

तुझा,
गुंड्या

ता. क. सर्व्हिस मॅन्युअलची माझी झेरॉक्स वाळवीने खाल्ली. तुझ्या प्रतीतल्या अ‍ॅडजस्टमेंटच्या पानांचे फोटो पाठव. नाही म्हणालास तरी पाठव.