आमा, तुमच्या घरच्या यादीत आम्ही होतो

आमा,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेल. मराठी-नेपाळीची अक्षरं एकच, त्यामुळे अर्धं तर तुम्हालाच लागेल. उरलेलं त्यानं मला फोनवर विचारावं. तुमच्या पंचांगात वैशाख १२ येऊन गेला आणि त्या भुइँचालोला, २०१५ च्या नेपाळच्या भूकंपाला, दहा वर्षं होऊन गेली. फोनवर दरवेळी तुम्ही ‘खाना खायौ?’ विचारता, मी ‘खाएँ’ म्हणते, आणि जे बोलायचं असतं ते राहून जातं.

इथल्या वाचणाऱ्यांना आधी आपली ओळख सांगते. आमा म्हणजे नेपाळीत आई, आणि या आमा आमच्या काठमांडूच्या घरमालकीण. आम्ही सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची, सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, ती जाळून, धुऊन, तेजाब घालून तिच्यातले सोन्याचे कण काढायचे, हा आमचा धंदा. खानापूर-आटपाडीचा दुष्काळ माणसाला गावात बसू देत नव्हता, म्हणून आमची माणसं भट्टी घेऊन देशभर पांगली, काही नेपाळातही गेली. परमुलखात गलाईवाल्याला जागा मिळणं म्हणजे दिव्य. धूर होतो, तेजाबाचा वास घशात बसतो, शेजारी तक्रार करतात. काठमांडूत इंद्रचोकाच्या मागच्या गल्लीत आम्हाला किती घरबेटींनी, म्हणजे घरमालकांनी, दारातूनच परत पाठवलं होतं. तुम्ही मात्र ‘देव कुठला तुमचा?’ एवढंच विचारलंत. हे म्हणाले, रेणावीचा रेवणसिद्ध, नवनाथांतला रेवणनाथ. आणि तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जनबहालाच्या देवळात मच्छिंद्रनाथ बसलेला! नाथाचीच माणसं म्हणत तुम्ही छिँडी, म्हणजे तळमजल्याची खोली भट्टीला दिलीत आणि पहिल्या मजल्यावरची आम्हाला राहायला. भाडं ठरवायला तुम्हाला त्यानंतर अर्धा तासही लागला नाही. घासाघीस मात्र कडक केलीत, तेही लिहिते.

२५ एप्रिल २०१५ ला शनिवार होता. तुमच्याकडे शनिवारची सुट्टी, त्यामुळे शाळा बंद. नेपाळातली हजारो पोरं त्या एका गोष्टीनं वाचली. भट्टी थंड होती. मी पोराला घेऊन घराच्या आतल्या चौकात, हे तळमजल्यावर हिशेब लिहीत बसलेले, तुम्ही विहिरीशेजारी नांगलोत, म्हणजे सुपात, मास डाळ, म्हणजे उडीद, निवडत होतात. दुपारचे बाराला चार मिनिटं कमी. आधी आवाज आला, जमिनीखालून. मग सुपात धान्य पाखडावं तसे आम्ही चौकात उडायला लागलो. उभं राहता येईना. तुम्ही माझ्या पदराला धरून मला खाली ओढलंत, पोराला माझ्या पोटाखाली सारलंत आणि वरून आपण ओणव्या झालात. सत्तरीच्या बाईनं! माझ्या डोळ्यांसमोर विहिरीचं पाणी काठावरून बाहेर उसळत होतं. वरच्या मजल्यावरून विटा पडत होत्या, मातीच्या धुळीनं सगळं पिवळं झालं. मिनिटभर चाललं असेल ते.

थांबल्या थांबल्या हे आतून बाहेर आले आणि लगेच पुन्हा आत जायला वळले. तेजाबाचा कॅन फुटला होता, दारातून तांबूस धूर येत होता. आत दुसऱ्यांचं सोनं होतं. गलाईवाल्याकडे स्वतःचं सोनं नसतंच कधी, सगळं लोकांचं, विश्वासावर ठेवलेलं. ते गेलं तर माणूस त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. त्यामुळे हे कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. माझं तर नाहीच. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात आणि म्हणालात, “सुन माटोमा परे पनि सुनै हो. भित्र नजाऊ.” सोनं मातीत पडलं तरी सोनंच राहतं, आत जाऊ नकोस. सोनाराच्या दुकानातली धूळ चाळून पोट भरणाऱ्या माणसाला दुसरं कुठलंही वाक्य थांबवू शकलं नसतं. अर्ध्या तासात पुढचा मोठा धक्का आला आणि छिँडीच्या मागच्या भिंतीचा भाग आत कोसळला. हे जिथं वाकून पेटी उचलणार होते तिथंच.

तोवर तुम्ही आम्हाला चौकातून काढलंही होतं. सगळी गल्ली असन बाजाराच्या दिशेनं धावत होती, तुम्ही उलट वळवलंत, न्यूरोडकडे. त्या घाईत मला कळेना की का. रात्री सांगितलंत. नब्बे सालच्या भूकंपात, म्हणजे इंग्रजी १९३४ मध्ये, तुमच्या सासूबाईंनी अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरं माणसांवर पडताना पाहिली होती. त्यानंतरच तेव्हाचा पंतप्रधान जुद्ध शमशेर यानं पाडलेल्या घरांमधून तो न्यूरोडचा रुंद रस्ता काढला. “भुइँचालोनं दिलेला रस्ता आहे, भुइँचालोत त्यानंच जायचं,” असं सासूबाई सांगून ठेवायच्या म्हणे. ऐंशी वर्षांनी ते आमच्या कामी आलं. टुंडीखेलच्या मोकळ्या मैदानात पोचेपर्यंत दक्षिणेला धरहरा मनोरा दिसायला हवा होता तिथं नुसता धुळीचा लोट होता. त्या दिवशी सुट्टी म्हणून माणसं त्या मनोऱ्यावर चढलेली. मरूच्या काष्ठमंडपात रक्तदानाचं शिबिर चालू होतं, तोही खाली आल्याचं संध्याकाळी कळलं. ज्या मंडपावरून शहराला नाव पडलं तोच गेला म्हणून तुम्ही पहिल्यांदा रडलात. वीर अस्पतालकडे माणसं दारं, फळ्या, जे मिळेल त्यावर घालून नेत होते. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

टुंडीखेलच्या मैदानातली पहिली रात्र तुम्ही कशी काढायला लावलीत हे मात्र लिहायलाच हवं. दर थोड्या वेळानं जमीन हलायची आणि हजारो माणसं एकदम ओरडायची, “आयो! आयो!” त्या ओरडण्याचीच जास्त भीती वाटायची. पोरगा दरवेळी दचकून ताठ व्हायचा. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन मंजुश्रीची गोष्ट सांगितलीत. हे सगळं खोरं म्हणजे एक मोठं तळं होतं, त्यात नाग राहायचे. मंजुश्रीनं तलवारीनं चोभारचा डोंगर कापला, पाणी वाहून गेलं आणि गाळावर आपण घरं बांधली. “गाळावर बसलोय रे, हलणारच,” असं म्हणून तुम्ही चक्क हसलात. पोराला ते पटलं. हललं की तो ‘नाग कूस बदलतोय’ म्हणायला लागला आणि झोपला. पुढं कधीतरी वाचलं की शास्त्रज्ञही हेच म्हणतात: काठमांडू जुन्या तळ्याच्या खोल गाळावर वसलंय, त्या गाळानं धक्क्याची संथ, लांब लाट वाढवली, त्यामुळे उंच बांधकामांना हिसका जास्त बसला आणि बुटकी घरं अपेक्षेपेक्षा जास्त टिकली. ७.८ क्षमतेचा भूकंप, केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाककडे. देशभरात जवळजवळ ९ हजार माणसं गेली. हे आकडे आता लिहिता येतात. तेव्हा आम्हाला आमच्या गल्लीपलीकडचं काही ठाऊक नव्हतं.

सकाळी तुमच्या पिशवीतून बजी निघाली. आमच्याकडच्या पोह्यांसारखीच, पण कोरडी खायची, बरोबर भाजलेला भटमास, म्हणजे सोयाबीन, आणि आल्याचा तुकडा. घर पडत असताना ही पिशवी तुम्ही कधी उचललीत? नातवाला विचारलं तर म्हणाला, आमाच्या खोलीत दाराशी ती कायमच टांगलेली असते. पुन्हा नब्बे साल!

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मोठा धक्का, ६.७ चा, आणि मग पाऊस. तेव्हा ती यादी झाली. टोलातली, म्हणजे आपल्या वस्तीतली पोरं घरोघरची नावं लिहून घेत होती, घरटी त्रिपाल, म्हणजे ताडपत्री, आणि पाण्याचे जार त्यावरून मिळणार होते. आमच्यापाशी आल्यावर एक जण म्हणाला, हे तर इंडियन, यांना न्यायला यांचं विमान येईल. चुकीचंही नव्हतं ते. भारताची विमानं खरोखर येत होती, आणि त्रिपाल कमी होते. मी त्या पोराला दोष देत नाही. तुम्ही त्याच्या हातातली वही घेतलीत, “यिनीहरू पनि मेरै घरका मान्छे हुन्,” हीही माझ्याच घरची माणसं आहेत, म्हणालात, आणि तुमच्या दोन मुलांच्या नावांखाली आमची तिघांची नावं त्याला लिहायला लावलीत. माझं नाव तुम्ही चुकीचं सांगितलंत, तेच आजही तुमच्या तोंडी आहे. मला तेच आवडतं.

आमा, मी भाडेकरू म्हणून किती गावांत राहिलेय. भाडेकरूला कुणी वाईट वागवतं असं नाही. पण वेळ आली की मोजताना तो मोजला जात नाही. पाणी कमी पडलं की आधी त्याचा नळ जातो. त्या दिवशी तुम्ही मोजताना आम्हाला धरलंत. माझ्या या पत्राचं कारण एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

त्याच दिवसांत आमच्या भारतातल्या काही वाहिन्यांचे लोक ढिगाऱ्यापाशी रडणाऱ्या बायकांच्या तोंडापुढे माईक धरून ‘कसं वाटतंय’ विचारत होते. नेपाळी माणसं चिडली, आणि चिडायलाच हवी होती. त्या काळात रस्त्यात हिंदी बोलायलाही आम्हाला संकोच वाटायचा. तुम्ही एकदाही त्यावरून टोमणा मारला नाहीत. मदतीचं सैन्यही आलं होतं, त्याचं काम तुम्ही बघितलं होतं, आणि दोन्ही वेगवेगळं तोलायची तुमची रीत मला बघून ठेवावीशी वाटली.

हळूहळू लोक घरी परतायला लागले. इंजिनियर येऊन घरांवर हिरवे, पिवळे, लाल कागद चिकटवत होते. आपल्या घराला पिवळा मिळाला. तुमच्या दिरांच्या वाट्याला लाल, एकाच भिंतीच्या पलीकडे! भावाभावांत घर उभं चिरून वाटायचं, मग प्रत्येकानं आपल्या चिरेवर मजला चढवायचा, याला तुम्ही आधीपासून नावं ठेवायचात. लाकडाचे टेके लावून आपली बाजू उभी राहिली. पालथ्या ताटावर स्टीलचा पेला ठेवायचा, तो वाजला की पळायचं, असं तुम्ही शिकवलंत. मांजर पेला पाडायचं आणि आपण सगळे चौकात. तेवढं हसायला मिळायचं.

१२ मे ला दुपारी एकच्या सुमाराला ७.३ चा धक्का बसला आणि माझा धीर सुटला. पहिल्याला मी घाबरले होते, पण तो संपेल असं वाटत होतं. दुसऱ्यानंतर काहीच संपेल असं वाटेना. पोरगा घराच्या उंबऱ्यापाशी गेला की ओकायचा. तुम्हीच म्हणालात, गावी जा, सोन्याची चिंता करू नका. आम्ही बीरगंज-रक्सौल करत विट्याला आलो. इथं भूकंप म्हटलं की कोयना नाहीतर किल्लारी. म्हाताऱ्या माणसांनी पहिल्या रात्री मला अंगणात झोपू दिलं, एक शब्द विचारला नाही.

परत आलो तेव्हा दिवाळी होऊन गेलेली. भिंत नवीन झाली होती, छिँडी स्वच्छ. ह्यांचा चेहरा पडला, कारण ढिगाऱ्याबरोबर सगळं गेलं असणार. तुम्ही जिन्याखालचं फडकं बाजूला केलंत. तिथं पोती रचलेली होती. ढिगारा उपसणाऱ्यांना तुम्ही तळमजल्यावरची माती उचलूच दिली नव्हती. नातवाकडून झाडूनझाडून, विटांचे तुकडे वेगळे काढून, ती तुम्ही पोत्यांत भरून ठेवलीत. पेटी चेपलेली पण बंदच होती, ती एका पोत्याच्या तळाशी. आणि जे सांडलं होतं ते मातीत. ह्यांनी महिनाभर ती माती धुतली, गाळली, तेजाबातून काढली. न्यूरोडच्या ज्या सोनाराचं जे होतं ते त्याला तोलून परत गेलं, थोडीफार घट आम्ही सोसली. हे आजही विट्यात कुणी नवखा पोरगा भट्टीवर शिकायला आला की त्याला ती पोत्यांची गोष्ट सांगतात, पण तुमचं नाव न घेता ‘आमची आमा’ म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती ह्यांची आईच वाटते.

त्या हिवाळ्यात भारत-नेपाळ सीमेवर नाकाबंदी होती, गॅस नव्हता. चौकात एकाच चुलीवर तुमचा भात आणि माझ्या भाकरी झाल्या. तुमचे लोक भारतावर चिडलेले, आणि मी तुमच्या चुलीशी भाकरी थापतेय. तुम्ही फक्त म्हणायचात, लाकूड पुढं सरकव.

आता एक तक्रार. बंद महिन्यांचं भाडं तुम्ही घेतलं नाहीत. ह्यांनी दोनदा पाकीट ठेवलं, दोनदा ते पोराच्या दप्तरात सापडलं. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. पोरगा आता दहावीत जाईल, त्याच्या शाळेसाठी आम्ही विट्यात स्थिरावलो, पण ह्यांची भट्टी अजून तुमच्याच छिँडीत आहे, तेव्हा सुटका नाही तुमची.

रातो, म्हणजे लाल, मच्छिंद्रनाथाचा दर बारा वर्षांनी बुंगमतीहून निघणारा रथ २०१५ ला वाटेतच भूकंपात अडकला होता आणि तुम्ही तो अपशकुन म्हणून किती दिवस घोकत होतात. तो बारा वर्षांचा रथ आता २०२७ ला बुंगमतीहून निघेल. आम्ही तिघं येतोय. रेणावीचा अंगारा आणि हे पाकीट घेऊन. या वेळी पाकीट परत करायचं नाही, ते नाथाच्या रथाला लावायचं, एवढं तरी ऐका.

तुमची,
छिँडीवरची सांगलीवाली
(नाव तुम्ही म्हणता तेच)