काम कुठे अडतं, हे विचारल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते कुठल्याही वरिष्ठाला करता येण्यासारखं आहे.

मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, आणि निदान मोठेपणी झालं. तोवरच्या नोकऱ्यांमध्ये माझ्या मूल्यमापनात एकच शेरा असायचा: काम उत्तम, पण माणसांत मिसळत नाही. मग मिसळल्याचं दाखवायचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचं, कधी हसायचं ते मनात ठरवायचं, हातांची चुळबुळ दाबून ठेवायची. याला मास्किंग म्हणतात. ते निभावण्यातच इतकी शक्ती जायची की कामाला उरेल ती उरेल. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही, त्यामुळे निदान सांगितलं की लोक कौतुकानं म्हणतात, "पण तुझ्याकडे बघून वाटत नाही!"

तुम्ही असं काही म्हणाला नाहीत. प्रमाणपत्र मागितलं नाहीत, हळहळलाही नाहीत. "काम करताना नेमकं कुठे अडतं?" एवढंच विचारलंत आणि मी सांगत गेले तसं लिहून घेतलंत.

आधी आवाज आणि उजेड. फडफडणारी ट्यूबलाइट आणि शेजारचे फोन मला मागे टाकता येत नाहीत. समोरच्या कामाइतकेच ते ठळकपणे आत येतात. ही नाजूक प्रकृतीची तक्रार नव्हे. संवेदना जास्त किंवा कमी तीव्रतेनं जाणवणं हे २०१३च्या डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदानपुस्तिकेपासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे. तुम्ही माझी जागा कोपऱ्यात हलवलीत, वरचा दिवा बदलून घेतलात आणि हेडफोन घालून काम करण्याला कुणी उद्धटपणा समजणार नाही, हे पाहिलंत.

मग सूचना. "जरा लवकर बघून घे" या वाक्याचं मी काय करायचं? आज की या आठवड्यात? हातातलं सोडून की ते संपवून? तुम्ही लिहायला लागलात: "गुरुवारी दुपारपर्यंत, पहिला मसुदा, आकडे तपासलेले." माझ्या कामाचा दर्जा ज्या गोष्टीनं सर्वांत जास्त सुधारला ती हीच, आणि तिला एक पैसाही लागला नाही.

या सोयी तुम्ही माझ्या नावावर टाकल्या नाहीत, सगळ्या टीमला दिल्यात, याबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी सगळ्यांना जाऊ लागले. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) असलेल्या सहकाऱ्याला ते आधी संगणकाकडून वाचून घेता येऊ लागले. एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण) असलेल्याला मोठं काम टप्प्यांत आणि टप्प्यागणिक तारखेसह मिळू लागलं. कुणाला काय आहे हे जाहीर करावं लागलं नाही. आपण वेगळे आहोत हे सिद्ध केल्याशिवाय सोय मिळत नसेल, तर माझ्यासारखी बरीच माणसं ती मागतच नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारानं रास्त सोयी नाकारण्याला भेदभाव म्हटलं आहे. तुम्हीही त्या हक्काच्या मानूनच दिल्यात. म्हणून मला कधी उपकाराखाली वावरावं लागलं नाही.

काही मोठ्या कंपन्या ऑटिस्टिक उमेदवारांसाठी स्वतंत्र भरती करतात. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३ मध्ये सुरू केली, मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये. ते चांगलंच आहे. पण दार उघडून आत घेतलं आणि आतलं सगळं तसंच ठेवलं, तर माणूस टिकणार कसा? तुम्ही आत काय आहे ते आधी बघितलंत, मग मुलाखतीकडे वळलात. प्रश्न आधी पाठवायचे आणि गप्पांपेक्षा प्रत्यक्ष कामाचा नमुना बघायचा, हे वरच्यांच्या गळी उतरवायला तुम्हाला बरंच झगडावं लागलं. ते मी पाहिलं आहे.

आणि एक. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकानं २०१२ मध्ये मांडलं की समजण्यातली अडचण दुहेरी असते. आम्हाला इतर जण उमगत नाहीत, तसे त्यांनाही आम्ही उमगत नाही. मला "लोकांत वागायचं कसं" या प्रशिक्षणांना अनेकदा पाठवलं गेलं होतं. तुम्ही एक सत्र टीमसाठी ठेवलंत: माझं स्पष्ट बोलणं हा राग नव्हे, आणि बोलताना नजर खाली असली तरी माझं लक्ष असतं. अर्धा रस्ता दुसऱ्या बाजूनं कुणीतरी चालत येण्याचा तो माझा पहिलाच अनुभव होता.

तुमची बदली झाली तेव्हा मला भीती वाटली होती की आता सगळं पहिल्यासारखं होईल. तसं झालं नाही, कारण तुम्ही हे सगळं टीमच्या कामकाजाच्या नियमांत लिहून ठेवलं होतंत. नवे सर आले, त्यांनी ते वाचलं आणि मला विचारलं, "हेडफोन घातलेले असताना हाक कशी मारू?" चॅटवर लिहा, असं मी सांगितलं. त्यांनी तेही नियमांत घातलं.

मनापासून आभार, मॅडम.

आपली,
तुमच्या जुन्या टीममधली एक