चालकांना झोपेबद्दलही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे यजमान आयशर चालवतात. पिंपळगाव बसवंतहून कांदा, टोमॅटो भरायचा आणि रात्री वाशी मार्केटला निघायचं, अठरा वर्षं हेच चाललंय. त्यांच्या घोरण्याची घरात सगळे थट्टा करत. मला भीती वाटायची ती घोरणं थांबायचं तेव्हा. छाती हलायची, पण नाकाशी बोट धरलं तर हवा नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोजत मी बसायचे. वीस, पंचवीस... मग एकदम गचका देऊन श्वास यायचा. दिवसा जेवता जेवता ताटावरच डुलकी. 'जागरणाचा धंदा, झोप येणारच,' असं म्हणत आम्ही दोन वर्षं काढली. कसारा घाटात डोळा लागून गाडी कठड्याला घासली, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले.

तपासणी घरीच झाली. बोटाला, नाकाला, छातीला यंत्र लावून एक रात्र. तासाला ४२ वेळा श्वास अडत होता. हा आकडा तीसच्या वर गेला की आजार तीव्र धरतात. स्लीप ॲप्निया म्हणतात याला. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, मेंदू दर वेळी अर्धवट जागा होतो, म्हणून आठ तास पडूनही झोप होत नाही.

उपाय म्हणून सीपॅप यंत्र दिलं. झोपताना नाकावर मास्क लावायचा, त्यातून येणाऱ्या हवेच्या दाबाने ते यंत्र ती वाट उघडी ठेवतं. पहिले आठ दिवस यजमान मास्क ओढून फेकायचे. हवा डोळ्यांत जायची, नाकावर वळ उठायचे. लहान मापाचा मास्क आणला, पट्टे सैल केले, तेव्हा जमलं. हे शेजारी बसून शिकवणारं कुणी हवं, नाहीतर यंत्र कपाटात जातं. गाडीत झोपायचं तर बॅटरी वेगळी घ्यावी लागते. विमा कंपनीने खर्च नाकारला. दवाखान्यात भरती नव्हते आणि यंत्र पॉलिसीत बसत नाही म्हणे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांच्या आरोग्य योजनेतून सीपॅपचे पैसे मिळतात. मग रात्रभर घाट उतरणाऱ्याला का नाहीत?

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात चालकांचे डोळे तपासतात. यजमानांच्या परवान्याच्या नूतनीकरणालाही डोळे, कान पाहिले. झोपेचं कुणी विचारलं नाही. शिबिरात एक टेप ठेवा, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर आहे का बघा, रक्तदाब घ्या, दिवसा पेंग येते का विचारा. आणि घरून कुणाला तरी सोबत बोलवा. श्वास थांबतो हे झोपलेल्याला कळत नाही. मला विचारलं असतं, तर मी दोन वर्षं आधीच सांगितलं असतं.

एका चालकाची पत्नी,
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक